सहा मुलांची आई, पाच हजारांची डॉक्टरीण

आपल्या बुलेटिनचं शेवटचं पान मी आधी वाचते. वय झालं की असंच होतं. आधी कोण गेलं ते बघायचं, मग लग्नं-बारशी. पण त्या पानावर एक गोष्ट मला गेली बरीच वर्षं खटकत आली आहे. आई वारली की मुलं लिहून पाठवतात, आमची आई प्रेमळ, कष्टाळू आणि देवभीरू होती. तीन शब्द झाले, खाली नातवंडांची नावं. आता मला सांगा, कोणाची आई प्रेमळ नव्हती? ती कुठे नोकरीला होती, तिला कोणी कशासाठी "नाही" म्हटलं आणि मग तिनं काय केलं, याचं एक अक्षर नाही. शुक्रवारी रात्री आपण 'एशेत हाइल' म्हणतो, नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातलं. त्यातल्या बाईचं वर्णन नीट बघा. ती लोकर आणते, सूत कातते, शेत पारखून विकत घेते, गरिबाला हात देते. बहुतेक सगळी कामांचीच यादी आहे.

म्हणून आज एका आईबद्दल मी त्याच रीतीनं लिहिणार आहे. ती आपल्यातली नव्हती. आफ्रिकन-अमेरिकन, धर्मानं कॅथलिक, आणि आमच्या जर्सी सिटीची. डॉ. लीना एडवर्ड्स.

जन्म १९०० सालचा, वॉशिंग्टनचा. वडील दातांचे डॉक्टर. हॉवर्ड युनिव्हर्सिटीतून १९२४ साली त्या एम.डी. झाल्या, बरोबर शिकणाऱ्या डॉक्टरशीच लग्न केलं, आणि दोघं जर्सी सिटीला आले. लाफायेट भागात त्यांनी दवाखाना मांडला. तिथे तेव्हा युरोपातून आलेली कामगार कुटुंबं पुष्कळ. त्या बायकांना बाळंतपणाला पुरुष डॉक्टर नको असे. हे आपल्याला समजावून सांगायला नको, आपल्या आज्यांचंही तेच होतं. लीनाबाईंचा भर नैसर्गिक बाळंतपणावर होता. उगाच घाई नाही, उगाच चिमटा नाही. मी लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते, असा धीर धरायला हातात कसब लागतं. शिवाय त्यांच्या स्वतःच्या घरी सहा मुलं होती, आणि कळा काही कोणाला घड्याळ बघून येत नाहीत.

१९३१ साली आमच्या गावात टेकडीवर मार्गारेट हेग मॅटर्निटी हॉस्पिटल उघडलं. मेयर फ्रँक हेग यांनी आपल्या आईचं नाव त्याला दिलं. हा मेयर १९१७ ते १९४७, तीस वर्षं खुर्चीत होता. त्याच्याबद्दल बरंवाईट खूप बोललं जातं, त्यातलं वाईटच जास्त, पण आईच्या नावानं त्यानं बाळंतिणींसाठी एवढी मोठी इमारत उभी केली हे खरं. लीनाबाई तिथे असिस्टंट म्हणून लागल्या. मग त्यांनी प्रसूतिशास्त्राची रेसिडेन्सी मागितली. रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलात राहून पुरं करायचं वरचं शिक्षण, त्याशिवाय स्पेशालिस्ट म्हणून कोणी मोजत नाही. ती त्यांना मिळेना. एक तर बाई, त्यात काळी. मागत राहिल्या, आणि मिळाली १९४५ साली. चौदा वर्षं! ज्या हॉस्पिटलला एका आईचं नाव, तिथे सहा मुलांच्या आईला चौदा वर्षं दारात उभं केलं. तोवर पंचेचाळिशी आली होती. आपल्यापेक्षा लहान डॉक्टरांच्या बरोबरीनं त्या शिकल्या आणि १९४८ साली स्पेशालिस्टच्या बोर्डाची परीक्षा पास झाल्या.

इथे मला आपल्या डॉ. जेरुशा झिराड आठवल्या. लंडनहून १९१९ साली त्याच विषयात एम.डी. होऊन आल्या, आणि १९२८ ते १९४७ मुंबईचं कामा हॉस्पिटल त्यांनी सांभाळलं. १९६६ साली पद्मश्री. आमच्या लहानपणी घराघरात त्यांचं नाव निघायचं, "झिराड डॉक्टरणीसारखी शीक" म्हणून. झिराडबाईंनी लग्न केलं नाही, लीनाबाईंनी संसार आणि दवाखाना दोन्ही ओढलं. कोणाचं अवघड, हे मी ठरवणार नाही.

लीनाबाईंच्या हातून पाच हजारांवर मुलं जन्माला आली असं सांगतात. १९५४ साली त्या हॉवर्डला शिकवायला गेल्या. आणि साठाव्या वर्षी, म्हणजे आम्ही पेन्शनचे कागद भरतो त्या वयात, उठून टेक्ससमधल्या हेरफर्ड गावी गेल्या. तिथे मेक्सिकन शेतमजूर राबायचे, त्यांच्या बायकांना बाळंतपणाची धड सोय नव्हती. बाईंनी स्वतःची शिल्लक घालून पंचवीस खाटांचं प्रसूतिगृह उभं केलं. १९६४ साली प्रेसिडेंट जॉन्सन यांनी त्यांना मेडल ऑफ फ्रीडम दिलं. त्याच वर्षीच्या यादीत हेलन केलर आणि वॉल्ट डिस्ने ही नावं आहेत. ती दोन आपल्या पोराबाळांना पाठ, आणि हिचं नाव जर्सी सिटीतल्या माणसालाही विचारावं लागतं.

पुढे हृदयाच्या दुखण्यानं टेक्सस सोडावं लागलं, तेव्हा त्या परत जर्सी सिटीलाच आल्या. ३ डिसेंबर १९८६ रोजी न्यू जर्सीतच लेकवूडला वारल्या. सहा मुलांपैकी एक पाद्री झाला. कॅथलिक घरात आईला याहून मोठा मान नसतो, असं माझ्याबरोबरच्या नर्सेस सांगायच्या.

गावानं त्यांना अगदीच विसरलेलं नाही. त्यांच्या नावाची बाग आहे, पुढे त्यांच्या नावाची शाळाही निघाली. पण पाटीवर नाव मावतं, ती चौदा वर्षं मावत नाहीत. ती कोणीतरी लिहून ठेवली म्हणून मला वाचता आली. तुमच्या आयांनाही कोणीतरी कुठेतरी चौदा वर्षं थांबवलं असेल. गोदीच्या ऑफिसात, शाळेत, नाहीतर इथे आल्यावर, तिकडची सर्टिफिकिटं चालत नाहीत म्हणून. ते तारखांसकट लिहून संपादकांकडे पाठवा. आई हयात असेल तर आजच विचारून घ्या. फोनवर नको, समोर बसून, चहा ठेवून. आधी ती "माझं काय मेलं सांगायचं" म्हणेल. तरी उठू नका.

मार्गारेट हेग १९७९ साली बंद झालं. त्या मेडिकल सेंटरच्या उंच इमारतींत आता बीकन नावाचे महागडे फ्लॅट आहेत. आपल्यातली काही कुटुंबं बंद होण्याआधीच या भागात आली होती. तुमचं कोणी तिथे जन्मलं असेल तर जन्माचा दाखला काढून हॉस्पिटलचं नाव बघा, आणि मला कळवा.