दिल्लीची ‘नीती’, मराठीची नीती

महाराष्ट्रातून केंद्र सरकारच्या सेवेत आलेल्या अधिकाऱ्याला दिल्लीतील हिंदी टिप्पणीत एक ओळखीचा शब्द वेगळ्याच अर्थाने भेटतो. तो शब्द म्हणजे ‘नीती’. मराठीत नीती म्हणजे सदाचार आणि नीतिमान म्हणजे सचोटीने वागणारा. हिंदीत मात्र ‘विदेश नीति’ म्हणजे परराष्ट्र धोरण. राज्यघटनेच्या चौथ्या भागातील निदेशक तत्त्वेही हिंदीत ‘नीति’ची, तर मराठीत ‘धोरणा’ची आहेत.

मूळ संस्कृत शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. ‘नी’ या धातूचा अर्थ नेणे. त्यापासून नीती झाली, तसाच नेताही झाला. कौटिल्याची दंडनीती ही राज्यकारभाराची विद्या, तर भर्तृहरीच्या नीतिशतकात माणसाच्या वागणुकीचा विचार आहे. लोकांना कसे न्यायचे आणि कोठे न्यायचे, हे दोन्ही प्रश्न या एकाच शब्दात होते. पुढे भाषांनी त्याची वाटणी केली. हिंदीत ‘नैतिक’ टिकला आहे, मराठीतही ‘रणनीती’ आहे. परंतु एकटा ‘नीती’ उच्चारताच दोन भाषांत दोन वेगळे अर्थ उभे राहतात.

इंग्रजी ‘एथिक्स’चे मूळ असलेला ग्रीक शब्द सवय, स्वभाव यांच्याशी निगडित आहे. राज्यसभेने १९९७ मध्ये आणि लोकसभेने २००० मध्ये एथिक्स कमिटी स्थापन केली. तिचे हिंदी नाव ‘आचार समिति’ असे ठेवले गेले, ते या दृष्टीने अचूकच म्हणावे लागेल. आचारभंग सिद्ध करता येतो. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा एक, अशा ११ खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले. संसदेची प्रतिष्ठा राखण्यासाठी ते आवश्यकच होते.

मात्र आचार पाळला म्हणजे नीती साधलीच, असे नव्हे. १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. कोणत्याही नियमाने त्यांना तसे करण्यास भाग पाडले नव्हते. अशा निर्णयाला आचारसंहितेचे कलम पुरत नाही; त्यासाठी नीतीच लागते.

२०१५ मध्ये योजना आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून तयार झाले असले, तरी मराठी कानाला त्यात धोरणाबरोबर सचोटीही ऐकू येते. धोरणाची टिप्पणी लिहिताना निधी, मुदत आणि अधिकार यांचे रकाने भरले जातात. ज्यांच्यासाठी हे धोरण आहे, त्यांना ते न्याय्य ठरेल काय, हा रकाना फाइलीत नसतो. राजधानीतील मराठी अधिकाऱ्याने तो आपल्या भाषेच्या आधारे स्वतःच भरावयास हवा.