दोन सेंटिमीटरांची किंमत

पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्या रस्त्यांची जी दशा होते ती पाहून वाहनधारकाने स्वतःच्या बुद्धीने काही उपाय शोधला, तर त्याला एकदम दोष देता येणार नाही. खड्डा बुजत नसेल तर गाडी उंच करावी, असा हा उपाय आहे. आणि गाडी उंच करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कारखान्याने दिलेली चाके उतरवून त्यांहून मोठी चाके चढविणे. शाळेची मुले नेणाऱ्या, बाजाराचा माल वाहणाऱ्या आणि भाड्याने फिरणाऱ्या व्हॅनवर हा प्रयोग विशेष होतो. तिची चाके मुळातच लहान, तिच्यावर भार मात्र भरपूर. त्यामुळे भरलेली व्हॅन खाली बसते आणि प्रत्येक गतिरोधकावर तिचे पोट घासते. मालकाची अडचण खरी आहे. प्रश्न आहे तो उपायाचा.

उदाहरणासाठी मारुतीची व्हॅनच घेऊ. १९८४ साली ती रस्त्यावर आली, पुढे ओम्नी या नावाने घरोघरी ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण गावोगावी ती अजून राबते आहे. तिच्या टायरचे माप १४५ आर १२. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर आणि आतील रिम १२ इंचांची. अशा टायरची उंची रुंदीच्या सुमारे ऐंशी टक्के धरली तर चाकाचा बाहेरील व्यास ५३७ मिलिमीटरच्या आसपास भरतो. आता तिथे १३ इंची रिम आणि १५५/८० मापाचा टायर बसविला की हाच व्यास ५७८ मिलिमीटर होतो. फरक ४१ मिलिमीटरांचा. परंतु आस जमिनीपासून वर जातो तो याच्या निम्मा, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. मागच्या बाकावर चार माणसे बसली आणि पाट्यांवर वजन आले की गाडी याहून अधिक खाली जाते. एवढ्या कमाईसाठी गाडी काय काय गमावते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

व्यास सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढेच अधिक अंतर तोडते. सपाट रस्त्यावर हे सुखाचे वाटते. इंजिन त्याच वेगाला जरा मंद फिरते, आवाज कमी होतो, आणि चालक चारचौघांत सांगतो की गाडी आता हलकी पळते. पण चाक मोठे झाले म्हणजे रस्त्यावर पोचणारी ओढ त्याच प्रमाणात घटली. इंजिन अवघे ७९६ सीसीचे. त्याच्या मर्यादित ताकदीतून सात टक्के वजा झाले, तर पूर्वी जी चढण तिसऱ्या गिअरमध्ये निघत होती तिला दुसरा गिअर लागतो, क्लच अधिक झिजतो आणि वाचलेले इंधन चढावर परत जाते. याला चालक 'पिकअप गेला' म्हणतात आणि कार्ब्युरेटर खोलायला गॅरेजात जातात.

चढणीवर फार तर गाडी रेंगाळेल. उताराची गोष्ट निराळी. बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाटाने केरीकडे उतरणारी व्हॅन डोळ्यांसमोर आणावी. ब्रेक चाकाच्या मध्यभागी असतो आणि गाडी थांबते ती टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे. या दोहोंमधले अंतर वाढले की पायाने तेवढाच जोर दिला तरी रस्त्यावर लागणारा रोध कमी होतो. आपल्या उदाहरणात तो सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. शिवाय मोठे चाक सहसा जड असते, फिरते जड चाक थांबवायलाही श्रम पडतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरून ठेवण्याची जी जुनी, शहाणी रीत आहे तीही त्याच प्रमाणात दुबळी होते. म्हणजे इंजिनाची धर कमी, म्हणून ब्रेकवर अधिक भार. आणि ब्रेकची पकडही कमी, म्हणून पायाचा अधिक जोर. लांब उतारावर ब्रेक तापतात ते असे. सपाट शहरात ही सात टक्क्यांची तूट कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती नेमकी घाटात, पावसात आणि भरल्या गाडीत प्रकट होते.

त्यात वेगाचा काटा दिशाभूल करतो. या गाडीत काट्याची तार गिअरबॉक्समधून येते. तिला चाक बदलल्याचे ठाऊक नसते. काटा साठ दाखवीत असता गाडी साडेचौसष्टाने धावत असते. कारखाने काटा थोडा पुढेच दाखवील असा ठेवतात, त्यामुळे या चुकीचा काही भाग पचतो, हे मान्य केले पाहिजे. सगळा पचेलच असे मात्र नव्हे. अंतराच्या आकड्याचेही तेच. गाडी शंभर किलोमीटर गेली तर नोंद त्र्याण्णवाचीच होते, सर्व्हिसिंग लांबणीवर पडते आणि मालकाला वाटते की गाडी तेल जास्त पिते. (भाड्याच्या मीटरचा प्रश्न आपल्याकडे निराळ्याच कारणांनी गाजत आला आहे, त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे.)

याहून गंभीर एक गोष्ट गॅरेजवालेही पुष्कळदा विसरतात. मोठा टायर म्हणजे मजबूत टायर, हा समज चुकीचा आहे. हलक्या मालवाहू वाहनांचे टायर अधिक प्लायचे, अधिक हवा आणि अधिक भार सोसणारे असतात. त्यांच्या जागी साध्या मोटारीचा मोठा टायर आला तर दिसायला भरदार, पण वजन पेलायला कमजोर असा विपरीत प्रकार घडतो. टायरच्या कडेवर मापापुढे जो आकडा छापलेला असतो तो याच भाराचा संकेत होय: ७९ म्हणजे एका टायरला ४३७ किलो, ८६ म्हणजे ५३० किलो. चारही चाकांचा मिळून हा फरक पावणेचारशे किलोंच्या घरात जातो. विकत घेताना हा आकडा वाचणारा गिऱ्हाईक विरळाच.

बाकीचे दोष लहान, पण रोजचे. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीचे चाक वळविताना हात भरून येतात. पूर्ण वळण घेतले की टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो आणि त्याची बाजू आतून कापली जाते. ते कोणाच्या नजरेस पडत नाही. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो. अरुंद, उंच व्हॅन मुळातच वळणावर कलते. ती आणखी उंच केल्याने सुधारत नाही.

कायद्याविषयी संदिग्धता नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक फेरफाराबद्दल पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. अपघात घडलाच तर विमा कंपनीला आक्षेप घेण्यास आयते निमित्त मिळते, ते वेगळे.

परंतु केवळ दंडाचा बडगा उगारून हा प्रश्न सुटेल असे आम्हांस वाटत नाही. मालवाहू वाहनाच्या नोंदणी अर्जात पुढच्या व मागच्या आसावरील टायरचे माप लिहावेच लागते. फिटनेसच्या तपासणीत टायरची नक्षी किती झिजली हे पाहताना ते माप आणि भाराचा आकडाही ताडून पाहिला, तर त्याला मिनिटापेक्षा अधिक वेळ लागणार नाही. मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्यांपासून याची सुरुवात व्हावी. शाळा उघडण्यापूर्वी, जून उजाडण्याच्या आत. पालकांनाही हे करता येईल. दाराशी थांबलेल्या गाडीच्या चारही टायरांवरचे आकडे वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

ज्याला गाडीचे पोट घासण्याचा खराखुरा त्रास आहे, त्याने आधी मागचे पाटे तपासावेत. जुन्या व्हॅनचे पाटे बसलेले असतात, शॉकअप निकामी झालेले असतात, आणि ते बदलल्याने गेलेली उंची बरीचशी परत येते, तीही ब्रेक व गिअर यांच्या गणिताला धक्का न लावता. टायरमधली हवा मापात ठेवणे आणि आठ माणसांच्या गाडीत बारा न कोंबणे हे उपाय तर फुकटाचे आहेत. मूळ मापाचे टायर मिळत नाहीत ही सबबही चालण्यासारखी नाही. काही छोट्या मालवाहू गाड्यांना तेच माप लागते, त्यामुळे ते बाजारात आहेत. आणि चतुर्थीच्या तोंडावर जे खड्डे घाईघाईने मातीने बुजविले जातात ते मे महिन्यात डांबराने बुजविले गेले, तर या दोन सेंटिमीटरांची गरज कोणाला भासेल?