कौशल्य कोणाचे?

दिवाळीच्या अंकात शर्यतीच्या घोड्यांवर कोणी लिहावे, हे पुष्कळांना रुचणार नाही. फराळाची ताटे समोर, माहेरवाशिणी घरी आलेल्या, आणि हा गृहस्थ रेसकोर्सच्या गोष्टी सांगत बसला! परंतु ज्या बलिप्रतिपदेला आपल्या घरोघरी नवऱ्याला ओवाळतात, तिचेच दुसरे नाव द्यूतप्रतिपदा आहे. त्या दिवशी शास्त्राची आज्ञा म्हणून पत्ते पिसणारी मंडळी एरवी मला पाहून नाक मुरडतात. तेव्हा मी लिहिणार ते याच अंकात.

मी रेसला जातो. चोरून जात नाही. दिवाळीच्या सुमारास पुण्याचा हंगाम आटोपतो, घोडे मुंबईस येतात, आणि महालक्ष्मी स्टेशनवर उतरून मी त्या हिरव्या मैदानाकडे चालू लागतो. हे मैदान १८८३ सालचे. त्यापूर्वी शर्यती भायखळ्यास होत. खिशात ठरावीक शंभराच्या नोटा असतात. त्या संपल्या की मी नुसते पाहतो. आणि पाहण्यासारखे तिथे फार आहे. पॅडॉकमध्ये फिरवताना घोड्याच्या कातडीवर ऊन कसे हलते, ते ज्याने पाहिले नाही त्याला मी काय सांगू? शेवटच्या दोनशे मीटरला पायांखालची जमीन थरथरते तेव्हा माझे वय माझ्या लक्षात राहत नाही.

माझे भांडण रेसशी नाहीच. ते एका शब्दाशी आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘कौशल्य’.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या रेस क्लबच्या खटल्यात निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. न्यायालयाचा मान राखून मी विचारतो, कौशल्य कोणाचे? घोड्याच्या पाठीवर अर्धवट उभा राहून, ताशी साठ किलोमीटरच्या वेगात दोन घोड्यांमधली फट हेरणाऱ्या जॉकीचे? शंभर वेळा मान्य. पहाटे चारला उठून जनावराचे पाय चाचपणाऱ्या ट्रेनरचे? तेही मान्य. पण खिडकीत नोट सरकवणाऱ्या माझे? माझ्या हातून त्या घोड्याला कधी चणादेखील गेलेला नाही!

माझे स्नेही म्हणतात, तुम्ही वंशावळ पाहता, मागच्या धावा पाहता, हे कौशल्यच. बरे तर. हॅन्डिकॅप शर्यत म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. जो घोडा चांगला त्याच्या पाठीवर जास्त वजन, जो कमी त्याच्या पाठीवर हलके. हेतू हा, की सगळ्यांना सारखीच संधी मिळावी. म्हणजे मी रात्रभर पुस्तकात बोट घालून जी माहिती जमवली, ती निकामी व्हावी म्हणूनच एक जाणता माणूस तिथे पगारावर बसवलेला असतो. त्याचे कौशल्य असेल, माझे कसले? आणि घोडा हरल्यावर आम्हा पंडितांच्या तोंडून काय निघते? “जॉकीने घोडा खेचला!” जिंकलो तर माझी अक्कल, हरलो तर जॉकीची लबाडी. असल्या शास्त्राला मी शास्त्र म्हणत नाही.

सरकारची तर मला गंमतच वाटते. त्याच मुंबईत कोपऱ्यावर तीन पत्ते मांडणाऱ्याला १८८७ च्या जुगारबंदीच्या कायद्याखाली पकडतात, आणि १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने परवाना दिलेल्या आवारात माझी नोट म्हणजे सभ्य करमणूक. आता कर पाहा. पूर्वी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. रेसला कॅसिनो आणि लॉटरी यांच्या पंगतीत नेऊन बसवले. कोर्टात कौशल्य, तिजोरीपाशी जुगार! टोटवर सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून क्लबचे आणि सरकारचे काढून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. एवढे काढल्यावर सगळा जमाव मिळून फायद्यात राहील, असे कोणते कौशल्य आहे ते मला दाखवावे. आणि एवढ्या करापोटी माणूस रेस सोडतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना नाद म्हणजे काय ते ठाऊक नाही. तो खिडकी सोडतो आणि गल्लीतल्या बुकीकडे जातो, जिथे ना पावती, ना परवाना.

हा शब्द मला एवढा का झोंबतो, तेही सांगतो. माझे वडील गिरणीत कारकून होते. मला पहिल्यांदा महालक्ष्मीला त्यांनीच नेले, खांद्यावर बसवून. त्यांच्याजवळ एक जाड वही होती; तीत लाल-निळ्या पेन्सिलींनी घोड्यांची नावे, वजने, वेळा. तिला ते ‘अभ्यास’ म्हणत. चाळीच्या जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की आई त्यावरूनच ओळखी, आज बर्फी आहे की नाही. आईच्या पाटल्या गहाण पडल्या त्या रात्रीही ते वहीत काहीतरी लिहीत होते. दारूड्याला आपण प्यालो एवढे तरी कळते. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाटे, अभ्यास थोडा कमी पडला. ‘हा जुगार आहे’ असे त्यांना कोणी तोंडावर सांगितले असते तर पाटल्या वाचल्या असत्या की नाही, देव जाणे. पण सांगितले कोणीच नाही.

म्हणून रेस बंद करा म्हणणारे माझ्या पाठीवर थाप मारायला येतील, त्यांनाही तिथूनच परत पाठवतो. २०२४ साली त्या मैदानातली १२० एकर जमीन उद्यानासाठी गेली, ९१ एकर क्लबकडे राहिली. उद्यान खुशाल व्हावे. सकाळी तिथे फिरणाऱ्यांत मीही आहे. पण उरलेल्या जागेवर घोडे धावू नयेत असे म्हणणाऱ्यांना घोड्यांचा कळवळा आहे की जमिनीच्या भावाचा, याची मला शंका येते. मुंबईत मोकळे राहिलेले मैदान म्हणजे कित्येकांच्या डोळ्यांत सलणारे कुसळ. घोडे धावू द्या. फक्त तिकिटाच्या खिडकीवर ठळक अक्षरांत ‘जुगार’ अशी पाटी लावा, आणि कर घ्यायचा तो त्या नावाने घ्या.

परवा हे सारे आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्या चकल्या तळत होत्या. म्हणाल्या, “अहो, पाटी लावली तर तुम्ही जायचे थांबाल का?”

मी म्हटले, “नाही.”

“मग वडिलांची ती वही अजून कपाटात कशाला ठेवली आहे?”

चकल्या छान झाल्या होत्या.