कटतीचा आकडा फोटोतच का?

नांदेडच्या नव्या मोंढ्यातून सोयाबीनची गाडी लातूरच्या तेल प्लांटकडे निघते, तेव्हा तिचे बिल सरकारदरबारी आधीच जमा झालेले असते. 5 कोटींवर उलाढाल असलेल्या पेढ्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. बिल पोर्टलवर चढले की क्यूआर कोड मिळतो, त्याच माहितीवरून ई-वे बिल निघते, जीएसटीआर-1 मध्येही आकडा आपोआप जाऊन बसतो. अडतीवर हिशोब लिहिण्यात केस पिकलेला माझ्यासारखा मुनीमही मान्य करील, काम चोख आहे.

गाडी प्लांटच्या काट्यावर चढली की मात्र सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. सौदा 10-2-2 चा: ओलावा 10 टक्के, माती-काडी 2, डागी 2. त्यावर गेले की कटती. ती कळते लॅबच्या चिठ्ठीच्या फोटोतून. गेल्या हंगामात एका प्लांटच्या फोटोत पाठवणाऱ्याचा अंगठा नेमका ओलाव्यावर होता. आकडा 12 की 13, यावर फोनाफोनी चालली आणि तोवर पेमेंट अडकले. ई-इन्व्हॉइस रद्द करण्याची मुदत 24 तासांची, ती केव्हाच उलटलेली. मग क्रेडिट नोट काढा, पुन्हा सगळे टाइप करा.

कराचा आकडा यंत्राकडून यंत्राकडे जातो, आमच्या पैशाचा आकडा अंगठ्याखाली राहतो. काट्याचे वजन प्लांटच्या संगणकात असतेच, लॅबचा निकालही असतो. प्रत्येक ई-इन्व्हॉइसला देशात दुसरा नसेल असा 64 अक्षरी क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली वजन, ओलावा, कटती आणि देय रक्कम फाइल करून परत पाठवायला कुणाची आडकाठी आहे? लहान व्यापाऱ्याला हे झेपणार नाही म्हणतात. मग 2018 पासून ई-वे बिले कोण काढतंय? खरे असे की धूसर फोटोवर घासाघीस करणे सोयीचे पडते. त्यात 45 दिवसांत पैसे चुकते करण्याचा कायदा लघुउद्योगांसाठी. आम्हा व्यापाऱ्यांना त्याचा आधार नाही.

2016 च्या ई-नामचा भर मोंढ्यातल्या लिलावावर. मोंढ्याबाहेरचा हा व्यवहार प्लांटवाल्यांनीच सुधारायचा आहे. दसऱ्याला आवक वाढायच्या आत लातूरच्या प्लांटांनी आणि बाजार समित्यांनी एकत्र बसून एकच नमुना ठरवावा, आणि गाडी खाली झाली त्याच दिवशी तो भरून पाठवावा.