लांकूड वाळलें हें कसें ओळखावें?

आमच्या कोंकणांतील घराच्या माळ्यावर धामणीचा एक दांडा गेलीं अठ्ठावीस वर्षें पडून होता. आमच्या वडील बंधूंनीं तो तोडवून, उभा फाडवून, दोन्हीं तोंडांस लाख लावून ठेविला होता. त्याचें धनुष्य करण्याचा त्यांचा मानस त्यांच्याबरोबरच गेला. यंदां श्रावणांत आमच्या नातवाच्या दृष्टीस तो दांडा पडला आणि शिलंगणापूर्वीं त्याचें धनुष्य झालेंच पाहिजे असा हट्ट त्यानें धरिला. "आबा, अठ्ठावीस वर्षांचें लांकूड! आणखी किती वाळायचें?" घरांतील सर्व मंडळींनीं, वहिनींनीं सुद्धां, त्याचीच बाजू घेतली.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. जीर्ण आणि शुष्क हे दोन निराळे शब्द आहेत ते उगाच नव्हेत. तोडलेलें लांकूड हवेच्या ओलाव्याशीं मिळतें घेईपर्यंतच वाळतें, पुढें नाहीं. हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा 50 असेल तर लांकडांत, त्याच्या निव्वळ कोरड्या वजनाच्या मानानें, शेंकडा 9 च्या सुमारास पाणी राहतें. आर्द्रता 65 झाली तर 12, आणि 80 झाली तर 16. कोंकणांतला पावसाळा वाचकांस ठाऊक आहेच. अशा हवेंत दांडा अठ्ठावीस वर्षें ठेवा कीं छप्पन्न, श्रावणांत तो ओलाच सांपडावयाचा.

धनुष्यास ओलावा शेंकडा 8 ते 10 असावा. धनुष्य ओढलें म्हणजे त्याची बाहेरची पाठ ताणली जाते आणि आंतलें पोट दाबलें जातें. लांकूड ओलसर असेल तर पोटाचे तंतु दाबले ते दाबलेच राहतात. दोर काढला तरी धनुष्य सरळ होत नाहीं आणि बाणास वेग येत नाहीं. उलट तें फाजील वाळलें तर ठिसूळ होऊन पाठीकडून तडकतें. पहिल्या चुकीनें धनुष्य वायां जातें, दुसरीनें माणूस जखमी होतो.

ही दुसरी चूक आम्हीं स्वतः केलेली आहे. एकतीस वर्षांपूर्वीं, शाळेच्या संमेलनांतील नाटकासाठीं, एक दांडा चुलीवर टांगून उन्हाळाभर वाळविला आणि त्याचें धनुष्य केलें. तालमींत तें एका विद्यार्थ्याच्या हातांत मोडलें व ढलपी त्याच्या डोळ्याखालीं लागली. बोटभर वर लागती तर डोळा गेला असता. बंधु त्या वेळीं समोर उभे होते. आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत. त्यानंतर तीन वर्षांनीं त्यांनीं हा माळ्यावरचा दांडा तोडविला.

गांवचा सुतार दांडा गालास लावून पाहतो. गालास गार लागला तर ओल आहे असें तो सांगतो, आणि बोटांनीं ठोकून आवाज ऐकतो. वाळलेलें लांकूड खणखणतें, ओलें बद्द वाजतें. कच्चें लांकूड वगळण्यास ही परीक्षा चांगली. परंतु 10 आणि 16 यांतला भेद गालास कळत नाहीं, आणि आमच्या कानांस तर आतां पोरांच्या हांकाही नीट कळत नाहींत. बाजारांत दोन सुयांचें विजेचें यंत्र मिळतें. ओल्या लांकडांतून वीज सुलभतेनें जाते, कोरड्यांतून कष्टानें. त्यावरून तें आंकडा दाखवितें. पण सुया वरवरच शिरतात, आणि लांकडाचें अंग कोरडें पण गाभा ओला असें पुष्कळदां असतें.

खात्रीची परीक्षा तराजूचीच. दांड्याच्या टोकाचा एक वीतभर तुकडा आम्हीं कापून टाकिला, कारण तंतूंच्या तोंडांतून ओल सर्वांत जलद ये-जा करिते व टोकावरून आंतली स्थिति समजत नाहीं. त्याच्या आंतून एक चकती काढून ती लगेच सोनाराच्या काट्यावर नेली. भरली 58 ग्रॅम. सूनबाईंच्या ओव्हनमध्यें ती 103 अंशांवर ठेविली आणि मधून मधून तोलली. वजन उतरेनासें झालें तेव्हां 50 ग्रॅम होतें. (त्या दिवशीं घरांत केक झाला नाहीं याबद्दल आम्हांस बोलणीं खावीं लागलीं.) गेलेलें पाणी 8 ग्रॅम, 8 ला 50 नें भागून शंभरानें गुणिलें, शेंकडा 16. नातवाचें तोंड उतरलें.

पण याच गणितानें पुढचा मार्ग दाखविला. उरलेला दांडा 2320 ग्रॅम भरला. त्यांत शेंकडा 16 पाणी, म्हणजे निव्वळ लांकूड 2000 ग्रॅम. ओलावा 10 वर यावयाचा तर वजन 2200 झालें पाहिजे. आतां चकती नको, दांडाच तोलीत जावें. कापलेल्या तोंडास पुन्हां लाख लाविली, नाहींतर तेथून चिरा पडतात. मग एका जुन्या कपाटांत वर-खालीं भोंकें पाडून तळाशीं विजेचा लहान दिवा ठेविला आणि दांडा उभा केला. हवा दहा अंशांनीं तापली कीं 80 ची आर्द्रता 45 च्या आसपास उतरते. चुलीसारखी होरपळ होत नाहीं. उष्णतामापक आंत टांगलेला आहे.

रोज सकाळीं स्नान आटोपून नातू दांडा तोलतो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत आंकडा मांडतो. पहिल्या आठवड्यांत वजन झपाट्यानें उतरलें, पुढें उतार मंदावला; गाभ्यांतली ओल बाहेर येण्यास वेळ लागतो. दसरा परवां आहे. आज सकाळचा आंकडा 2226. "सव्वीसच ग्रॅम राहिले, आबा, यंदां चालवून घेऊं," असें तो म्हणाला. वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें, आम्हीं दांडा पुन्हां कपाटांत ठेविला. शिलंगणास तो बाजारचें धनुष्य घेऊन जाईल. रागावला आहे; पण उद्यांचें वजन आपणच करणार, असें त्यानें बजावून सांगितलें आहे.