निपुत्रिकतेचे खापर स्त्रीच्याच माथी का?

पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखली गेलेली संस्था पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने निघाली, ती टाकून दिलेल्या अर्भकांसाठी. विधवेच्या पोटी आलेले मूल हा तेव्हा विधवेचा गुन्हा मानला जाई. मुलाच्या बापाचे नाव कोणी विचारीत नसे. त्याच पंढरपुरात आज मूल होत नाही म्हणून रुक्मिणीपुढे पदर पसरते तीही स्त्रीच. मूल झाले तरी दोष तिचा, न झाले तरी तिचाच! पुरुष दोन्ही वेळा नामानिराळा.

भाषाही या पक्षपातात सामील आहे. स्त्रीला हिणवण्यासाठी 'वांझोटी' हा शब्द तयार आहे. पुरुषासाठी तसा शब्द व्यवहारात नाही. 'नपुंसक' म्हणावे तर तो निराळाच दोष. कामशक्ती शाबूत असूनही वीर्यात पुरेसे शुक्राणू नसू शकतात, एवढे साधे सत्य पुरुषार्थाच्या खोट्या कल्पनेखाली दडपले जाते. इजिप्त, लेबनॉन आदी अरब देशांत संशोधन करणाऱ्या मार्सिया इनहॉर्न यांना हीच गफलत आढळली. नवऱ्याची लाज राखण्यासाठी दोष स्वतःवर घेणाऱ्या बायकाही आढळल्या. परंतु तेथील अनेक पुरुष आता याकडे एक आजार म्हणून पाहू लागले आहेत, असेही त्यांनी २०१२ च्या ग्रंथात नोंदविले आहे. मग समतेचा वारसा सांगणाऱ्यांनी मागे का राहावे?

मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण अंशतः वा पूर्णतः असते. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी व स्वस्त तपासणी. तरीही आधी दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली जाते ती स्त्रीला!

हा प्रश्न श्रमाचाही आहे. डीबीसीपी हे कीडनाशक बनविणारे कामगार निर्बीज झाल्याचे १९७७ साली कॅलिफोर्नियात उघडकीस आले. अतिउष्णतेनेही शुक्राणू घटतात. मग द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत फवारणी करणाऱ्या आणि वीटभट्टीच्या धगीत राबणाऱ्या मजुरांच्या शरीराचा हिशेब कोण ठेवणार?

एकाच शुक्राणूने बीजांड फलित करण्याचे तंत्र १९९२ पासून उपलब्ध आहे; परंतु खासगी केंद्रांतील त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने वंध्यत्वावरील उपचार मुळातच वगळले. म्हणजे श्रीमंताला प्रयोगशाळा आणि गरिबाला नवस! गोव्याने मात्र २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत सुरू केले. गोव्याला जे जमते ते महाराष्ट्राला का जमू नये?

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात वीर्यतपासणी मोफत मिळाली पाहिजे, आणि पतीची तपासणी झाल्यावाचून पत्नीवर शस्त्रक्रिया होता कामा नये. कार्यकर्त्यांनी या मागण्यांचा आग्रह धरावाच. पण त्याआधी आपल्या घरातील लेकी-सुनांना या आरोपातून मुक्त करावे. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण करून पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडवले. पुरुषाला तपासणीसाठी दवाखान्याच्या दारापर्यंत नेणे हे त्या मानाने अवघड काम नव्हे.