मोठा गाइडस्कोप घेताय? थांबा जरा!

परवा पुतण्याचा फोन. "काका, ८० मिमीचा गाइडस्कोप घेतोय. मोठा असला की गायडिंग जास्त अचूक होतं ना?" माझं डोकंच फिरलं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. (दादा-वहिनी, तुम्हीही वाचा, पैसे तुमचेच जाणार आहेत!)

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्या दुर्बिणीतून तीन-चार मिनिटांचा फोटो चालू असताना शेजारची छोटी दुर्बीण एका ताऱ्यावर नजर ठेवते. तारा सरकला की माउंटला दटावते. हाच गाइडस्कोप.

तो मुख्य दुर्बिणीइतकाच लांब हवा, हा नियम डोळ्यांनी गायडिंग करायच्या काळातला. माणूस तासन् तास आयपीसला डोळा लावून क्रॉसहेअरवर तारा धरायचा, त्याला प्रतिमा मोठी लागणारच. आता कॅमेरा बघतो आणि सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या पाचव्या-दहाव्या भागापर्यंत काढतं. २०० मिमी फोकल लेंग्थ आणि ३.७५ मायक्रॉनचे पिक्सेल असले तर एक पिक्सेल म्हणजे ३.९ आर्कसेकंद. माझ्या ४८० मिमीच्या मुख्य दुर्बिणीला तो १.६ पडतो. तेवढ्यावर उत्तम भागतं. मग मोठं धूड कशाला?

आता माझी फजिती. सुरगाण्याला शेतातल्या खळ्यावर, डिसेंबरची अमावास्या, आकाश असं की बघत राहावं. देवयानी दीर्घिकेवर रोख. गायडिंगचा आलेख अगदी सरळ, आणि फोटोत सगळे तारे भाताच्या दाण्यासारखे लांबुडके! सगळे एकाच दिशेला. रात्रभर माउंटला शिव्या घातल्या. दोष माझ्याच हौसेचा होता. जड गाइडस्कोप, दोन रिंगा, प्लास्टिकच्या टोकांचे स्क्रू. रिंगांमध्ये १०० मिमी अंतर धरा. फोटो चालू असताना एक रिंग फक्त एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, दबली तरी रोख २ आर्कसेकंदांनी ढळतो. गाइडस्कोप आपला तारा इमानाने धरून बसतो, मोठी दुर्बीण भलतीकडे बघत असते. पॅरिसच्या आँरी बंधूंना १८८५ मध्येच हे उमजलं असावं. त्यांनी फोटोची आणि गायडिंगची दुर्बीण एकाच चौकोनी नळीत बसवली होती.

आणि आपल्याकडे रात्री आहेत किती? जून ते सप्टेंबर पाऊस. उरलेल्या आठेक अमावास्यांतल्या दोन-तीन ढग खाणार. त्यातली एक मी स्क्रूपायी घालवली, याची चुटपुट अजून आहे.

तेव्हा बाळा, ५० मिमीचा आखूड गाइडस्कोप घे आणि वाचलेले पैसे घट्ट बैठकीवर घाल. उद्या हजार मिमीच्या वरची आरशाची दुर्बीण घेतलीस तर मात्र गाइडस्कोपच नको. तिथे आरसाच हलतो. तेव्हा त्याच दुर्बिणीतला प्रकाश वापरणारा ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर लाव.

नाहीतर आधी माझा ५० मिमीचा घेऊन जा आणि वापरून बघ. पुढच्या अमावास्येला खळं झाडून ठेवतो. स्वेटर विसरू नकोस, मागच्या वेळी माझाच नेलास तो अजून परत आलेला नाही.